ते वर बघेपर्यंत

पहिल्याच मशीनवर फोटो उघडला नाही. तशी वेब डिझाइनच्या प्रॅक्टिकलमधली ही सगळ्यात शिळी चूक. पोरं घरी फोटोला एक नाव देतात, पानात दुसरंच लिहितात, आणि मग परीक्षेच्या दिवशी फोटोच्या जागी फाटक्या कागदाचं एक चिमुकलं चित्र येऊन बसतं. रेणुकादास सरांनी ही चूक इतक्यांदा पाहिली होती की तिचा राग यायचाही आता बंद झाला होता. लातूरच्या कॉलेजात त्यांची हयात आधी गणित शिकवण्यात आणि मग, गणिताला पोरं मिळेनाशी झाल्यावर, कॉम्प्युटर शिकवण्यात गेली. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, म्हणून ते जिथं जात तिथं त्यांच्या आधी त्यांची कीर्ती पोचलेली असे. रेणुकादास सर कॉपी पकडतात. दोन पोरांच्या पानांत एक स्वल्पविराम जरी सारखा चुकला असला तरी पकडतात, आणि आवाज न चढवता दोघांच्याही नावापुढं शून्य टाकून मोकळे होतात. त्यामुळं नांदेडच्या या कॉलेजातली लॅब आज सकाळपासून चिडीचूप होती. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत एसीची घरघर, आणि पहिल्या मशीनसमोर शहेबाज नावाचा एक उंच पोरगा, गळ्याशी लावलेलीच गुंडी पुन्हा पुन्हा लावत उभा. 'फोटो कुठाय?' असं विचारायला सरांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्या फाटक्या चित्राशेजारची बारीक ओळ त्यांनी वाचली. फोटो आलाच नाही तर निदान त्यात काय होतं ते कळावं म्हणून पानाच्या आत अशी एक ओळ लिहून ठेवायची असते. फोटो दिसत असतो तोवर ती कुणाला दिसत नाही. फोटो रुसला की ती पुढं येते. ती पुढं आली होती. 'हा माझा फोटो. बाबांनी काढलाय, म्हणून डोकं अर्धंच आलंय.'

सरांना आधी हसू आलं. मग ते हसू ओठांवरच राहिलं आणि त्याच्याखालचा चेहरा मात्र निघून गेल्यासारखा झाला. त्यांनी शहेबाजला विचारलं, "फोटो वडलांनी काढलाय?" एक्स्टर्नलपुढं काहीही विचारलं तरी हो म्हणायचं, हा परीक्षेचा जुना नेम. शहेबाज म्हणाला, "हाव सर." मग त्याला आपलंच म्हणणं झेपलं नाही. "म्हंजे... स्टुडिओत काढला सर. अब्बा तर ट्रकवर असतेत." सर पुन्हा त्या ओळीकडे वळले. जगात फोटो काढता न येणारे बाप काही एकटे सरच नव्हते. पण त्यांचं न येणं अगदी ठरल्यासारखं असायचं. पायाखालची सगळी फरशी यायची, अंगण यायचं, कुंड्या यायच्या, आणि माणूस भुवयांशी संपायचा. वाढदिवस, गॅदरिंग, उदगीरच्या किल्ल्याची सहल, सगळीकडे त्यांची लेक इरा भुवयांपर्यंतच. ती म्हणायची, बाबांना माझ्या डोक्यात काय चाललंय ते बघायचंच नाही. सहा वर्षांपूर्वी मेंदूज्वरानं ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला बापानं काढलेला एकही फोटो चालला नाही. शेवटी कॉलेजच्या ओळखपत्रावरचा मोठा करून आणला, आणि त्यात ती कुणातरी दुसऱ्याच पोरीसारखी दिसत होती. ते ओळखपत्र याच कॉलेजचं होतं.

हे ते विसरले होते असं नाही. माणूस असं विसरत नसतो, वळसा घालत असतो. नांदेडची ड्यूटी आली की सर ती कुणाशीतरी बदलून घेत. त्यापायी त्यांनी किनवटपर्यंतच्या फेऱ्या पत्करल्या होत्या. तिचं सामान न्यायला ते इथं एकदा आले होते, तेही वसतिगृहाच्या दारापर्यंत. यंदा नेमलेले गृहस्थ न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि ऑर्डर आदल्या संध्याकाळी थेट सरांच्या फोनवर आली. विनीता, त्यांची बायको, म्हणाली, "जा की. लॅब काय खाणार आहे का तुम्हाला?" आणि डबा देऊ का विचारलं. डबा कशाला, एक्स्टर्नलला कॉलेज जेवू घालतंच, असं ते म्हणाले. अहमदपूर, लोहा करत एसटी आली तोवर त्यांनी खिडकीला डोकं टेकवून मुद्दाम डुलकी काढली होती.

आता ते वाकले आणि शहेबाजचं पान पहिल्यापासून वाचू लागले. पोरांची पानं वाचायची नसतात, ती चालवून पाहायची असतात. रंग लागला का, बटण दाबलं की दुसरं पान उघडतं का, तक्ता सरळ आला का. मजकुरात काय लिहिलंय याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. सरांनीही इतक्या वर्षांत कुणाचा मजकूर वाचला नव्हता. वाचला होता तो फक्त दोन पानं ताडून बघण्यापुरता, सोनार दागिन्याची नक्षी न पाहता नुसता घासून बघतो तसा. पानाला मथळा होता 'मागचं दार'. खाली लिहिलं होतं: 'आमच्या घराला दोन दारं आहेत. मागच्या दाराला बाबांनी कपाट लावलंय, त्यामुळं ते आता दार राहिलेलं नाही. तरी दुपारी त्याच्यावर कुणीतरी टकटक करतं. आई आणि मी पुढून वळसा घालून जाईपर्यंत तिथं कुणी नसतं. आई म्हणते वारा. बाबा काहीच म्हणत नाहीत, कारण ते पेपर वाचत असतात. मला त्यांना एक विचारायचंय. पण ते वर बघेपर्यंत मी विसरून जाते.' शेवटच्या 'जाते'मधलं मुलगीपणही शहेबाजनं पुसलं नव्हतं. वर त्याचं नाव तेवढं निराळ्या अक्षरात, जरा जाडसर, चिकटवल्यासारखं.

लातूरच्या घरातलं मागचं दार त्यांनी खरोखरच बंद केलं होतं. कपाटाला दुसरीकडे जागा नव्हती, आणि मागं होतं काय तर शेजाऱ्याची भिंत आणि मधली वीतभर बोळ. कपाट अजून तिथंच होतं. सकाळी निघताना त्यातूनच शर्ट काढला होता. ते कपाट आता एका ट्रकवाल्याच्या पोराच्या नावाखाली, निळ्या पडद्यावर उभं होतं. आपल्या घराची आतली बाजू कुणीतरी रस्त्यावर मांडून ठेवावी तसं त्यांना वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे ती बघून बरं वाटलं. इराचा आवाज त्यांच्या कानातून गेला होता. हे त्यांनी विनीतालाही सांगितलं नव्हतं. चेहरा भिंतीवर होता, आवाज मात्र दुसऱ्याच वर्षी कुठल्यातरी दिवशी गेला, आणि कधी गेला ते कळलंही नाही. आता 'ते आता दार राहिलेलं नाही' हे वाक्य वाचताना तो आवाज 'दार'वर किंचित थांबून, नाकातून जरासा हसत आला. ते सरळ झाले. "ठीक आहे," ते म्हणाले, आणि शहेबाजला काही न विचारता दुसऱ्या मशीनकडे गेले. दुसऱ्या मशीनसमोर उदगीरकडचा सिद्धलिंग होता, कपाळाला विभूती, हात मागं बांधलेले. त्याचा फोटो झकास उघडला होता. फोटोखाली मथळा होता 'मागचं दार'. 'आमच्या घराला दोन दारं आहेत.'

तिसऱ्यावर तेच. चौथ्यावर तेच. सर रांगेतून चालत गेले, एरवीपेक्षा जरा भराभर, आणि दोन्ही बाजूंनी पडद्यांच्या कपाळावर 'मागचं दार', 'मागचं दार' असं येत गेलं. मुखेडच्या पोराच्या घराला कपाट लावलेलं दार होतं, देगलूरच्या पोरीच्या घराला होतं, ज्याचं घर एका खोलीचं असणार हे त्याच्या कॉलरवरून कळत होतं त्याच्याही घराला दोन दारं होती. सगळ्या घरांत दुपारी टकटक होत होती. सगळी पोरं वळसा घालून जात होती. आणि सगळ्या घरांत एक बाप पेपरात तोंड घालून बसला होता. लॅबच्या टोकाला पोचल्यावर सरांनी मागं वळून पाहिलं. पोरं उभी राहून त्यांच्याकडे बघत होती, आणि एका भलत्या क्षणी त्यांना असं वाटलं की ही सगळी मिळून आता ते 'एक' आपल्याला विचारणार आहेत.

"आलोक सर," त्यांनी हाक मारली. आलोक हा कॉलेजचा तरुण मास्तर, परीक्षेतला इंटर्नल. नोकरीला दोन वर्षं झालेली, तीही तासिकेवर. इराचं नाव त्याच्या कानावर पडायचं काही कारण नव्हतं. तो जवळ आला तेव्हाच त्याचा रंग उडाला होता. "सर, मला कळलं तुम्ही काय म्हणणार ते," तो हळू आवाजात म्हणाला. "पण जरा ऐकून घ्या. अभ्यासक्रमात मातृभाषेत एक पान करा म्हणून दिलंय. आता मराठी टायपिंग येतं कुणाला सर? मलाच नाही येत. पोरं मोबाइलवर बोलून स्वतःचं नाव तेवढं उमटवतात न् चिकटवतात. बाकी मजकूर मागच्या बॅचकडून घेतात. त्यांनी त्यांच्या मागच्यांकडून. लई वर्षांपासून हेच चालू हाय सर. कोडिंग मात्र ज्याचं त्यानं केलेलं हाय, शपथ." सरांनी विचारलं, "पहिलं कुणी लिहिलं?" आलोकला वाटलं, गुन्ह्याचं मूळ शोधून राहिलेत. "ते कसं सांगावं सर? होती म्हणे कुणी पोरगी, तिला मराठी कीबोर्ड यायचा." "तिचं पान आहे?" "न्हाई सर. नवी बॅच आली की जुन्याचं पुसून टाकतो. जागा कुठंय?" सर म्हणाले, "बरोबर आहे." इराला मराठी कीबोर्ड त्यांनीच शिकवला होता. तिला नववीच्या सुट्टीत काहीतरी उद्योग असावा म्हणून.

म्हणजे मूळ पान नव्हतं. होती ती नकलेची नक्कल, आणि तिची नक्कल. सरांनी आलोकला सांगितलं की जेवणाआधी ते फक्त पानं बघतील, तोंडी परीक्षा जेवणानंतर. पोरांना बाहेर पाठवलं आणि ते एकटे एकेका मशीनपुढं बसून वाचू लागले. त्यांना एवढंच हवं होतं: तिला काय विचारायचं होतं? शहेबाजच्या पानात ते वाक्य अर्धंच राहिलं होतं, पण कुठल्यातरी पानात, कुणीतरी न कापलेल्या एखाद्या ओळीत, पुढचं असेलही. इरा अशी अर्ध्यात सोडणारी नव्हती. की होती? बापाला हे ठाऊक असायला हवं होतं. त्यांनी वाचायला सुरुवात केली, आणि थोड्याच वेळात त्यांच्या लक्षात आलं की पानं सारखी नाहीत. कॉपी पकडणाऱ्या डोळ्यांना सारखेपणा दिसतो. आज त्याच डोळ्यांना फरक दिसू लागले. एका पानात बाप पेपर वाचत नव्हता, मोबाइल बघत होता. एकात बाबांचे अब्बा झाले होते, एकात अण्णा. एकात अण्णा जेवताना टीव्ही बघत, आणि त्यांना बीपीचा त्रास होता. एकात कपाट जाऊन तिथं फ्रिज आला होता. एकात टकटक दुपारी नाही, पहाटे होत होती. एका पोरानं, बहुधा बाप नसलेल्या, सगळी वाक्यं भूतकाळात नेली होती: बाबा काहीच म्हणायचे नाहीत. त्याच्या मशीनपुढं सर बराच वेळ बसून राहिले. वाचता वाचता त्यांना स्वतःचाच चेहरा आठवेना. मिशी होती की नव्हती, आपण तंबाखू खातो की नाही, असल्या गोष्टी चाचपून बघाव्या लागत होत्या. तिच्या वाक्यांमध्ये जो बाप बसला होता त्याला दरवर्षी कुणीतरी येऊन थोडंथोडं बदलून गेलं होतं, आणि तो मुकाट्यानं बदलून घेत होता, कारण तो वर बघतच नव्हता.

मग त्यांना आणखी एक सुचलं. हे विचारायचंय-बिचारायचंय तरी इराचं कशावरून? मधल्या कुठल्यातरी बॅचच्या कुणा पोराचं असलं तर? त्याला आपल्या बापाला काही विचारायचं असेल, त्यानं घातलं असेल, आणि पुढच्यांनी उचललं असेल. कपाट आपलं, हे नक्की. पेपर आपला. पण प्रश्न परक्याच्या पोराचा असू शकतो. खात्री होती ती एकाच ओळीची. त्यांनी एकामागून एक पानं आतून उघडून पाहिली, जिथं फोटोमागची ओळ असते तिथं. वरचं नाव दर बॅचला बदललेलं, बाप बदललेला, कपाटाचा फ्रिज झालेला, पण आत सगळीकडे तीच ओळ, अक्षर न् अक्षर तीच. 'बाबांनी काढलाय, म्हणून डोकं अर्धंच आलंय.' ती कुणाला दिसतच नव्हती, म्हणून कुणी हात लावला नव्हता. दिसणारं सगळं लोकांचं झालं होतं आणि न दिसणारं तेवढं इराचं उरलं होतं. सरांना रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. नुसती एसीची घरघर फार मोठी वाटू लागली.

कॉलेजनं जेवण चांगलं केलं होतं. एक्स्टर्नलच्या ताटावरून मार्क ठरतात अशी सगळ्या कॉलेजांची समजूत असते, आणि ती अगदीच खोटी असते असंही नाही. शेवभाजी होती, भाकरी होती, वर जिलबी होती. आलोक शेजारी उभा राहून वाढायला लावत होता. सरांनी दोन घास खाल्ले, हात धुतला आणि फोन घेऊन ते गॅलरीत गेले. बाहेर एप्रिलचं ऊन भाजून काढत होतं. विनीतानं फोन उचलल्याबरोबर त्यांनी विचारलं, "आपल्या मागच्या दारावर कधी टकटक व्हायची का?" पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग विनीता म्हणाली, "व्हायची की. अजून होते." "अजून?" "दुपारची. तुम्ही कॉलेजात असता." "मग मला कधी सांगितलं का नाहीस?" "सांगितलं होतं. तुम्ही हं म्हणालात." तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती, आज गॅस संपला असं सांगावं तसं ती सांगत होती. "वारा असेल," सर म्हणाले. "असेल ना," विनीता म्हणाली, "पण इरा होती तोवर आम्ही दोघी जाऊन बघायचो. आता मी एकटी नाही जात. बसून राहते, थांबेपर्यंत." त्यांना विचारायचं होतं, इराला मला काय विचारायचं होतं गं? तुला तर ती सगळं सांगायची. पण तेवढ्यात ती म्हणाली, "जेवलात का?" आणि ते हं म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना कळलं की आपण काय म्हणालो.

दुपारी तोंडी परीक्षा सुरू झाली. सर टेबलाशी बसले, समोर मार्कांचा तक्ता, आणि पोरं एकेक करून आत येऊ लागली. बाहेर कुजबूज होती की खडूस माणूस आहे, सगळी बॅच उडवणार. आलोक टेबलाच्या कोपऱ्याशी उभा राहून नखं खात होता. सर नेहमीचे प्रश्न विचारत होते. रंग कुठं लिहितात, ओळ मोडायची कशी, दुसऱ्या पानाला जोडायचं कसं. पोरं चाचरत उत्तरं देत होती. मार्काच्या रकान्यात मात्र पेन टेकत नव्हतं. एक शून्य टाकलं की सगळ्यांना टाकावं लागणार, मग चौकशी, मग आलोकला नोटीस, मग कुणीतरी येऊन हा मजकूर समूळ पुसणार, आणि पुढच्या वर्षीपासून ही घरं, ही दारं कुठंच नसतील. तिची दुसरी मरणतिथी त्यांच्याच सहीनं ठरणार होती. आणि मार्क द्यावेत तर आयुष्यभराचं इमान विकल्यासारखं. पण खरं सांगायचं तर मार्कांचा विचार ते वरवरच करत होते. आत एकच गोष्ट ठोके देत होती. तिला काय विचारायचं होतं, ते कळल्याशिवाय इथून उठायचं नाही. कुणाला विचारणार? मेलेल्या पोरीला विचारता येत नाही. पण जी तिच्या नावाच्या जागी आपलं नाव चिकटवून बसलीयेत त्यांना विचारायला काय हरकत आहे?

तेव्हा आत आलेली पोरगी जिक्रा नावाची होती. मुखेडची, बारीक अंगाची, ओढणी पिनांनी नीट बसवलेली. सकाळी वाचलेल्या तिच्या पानात बाबांचे अब्बा झाले होते, हे सरांना आठवलं. ते तक्त्यात तिचं नाव शोधत, मान खाली घालूनच म्हणाले, "मागच्या दाराला कपाट आहे तुमच्या?" जिक्रानं आलोककडे पाहिलं. "हाव सर." "कुणी लावलं?" "अब्बांनी." "आणि टकटक?" "होते सर." आलोक खाकरला. असला प्रश्न व्हायव्हात असतो का, हे त्याला कळेना. सर म्हणाले, "अब्बांना एक विचारायचंय म्हणून लिहिलंय. काय विचारायचंय?" यावर मात्र पोरीचा धीर सुटला. तिचा आवाज ओला झाला. "सर, झूट न्हाई बोलत. ते माझं न्हाई. कॉपी हाय. मराठी टाइप करता येत न्हाई मला. आमच्या घराला एकच दार हाय सर. अब्बांचं गाद्यांचं दुकान हाय, पुढं दुकान न् मागं आम्ही. माफ करा सर. नापास केलं तर घरचे पुन्हा पाठवणार न्हाईत." आलोकनं डोळे मिटून घेतले. त्याच्या दृष्टीनं सगळं संपलं होतं.

"कॉपी आहे ते मला माहीत आहे," सर म्हणाले. त्यांची मान अजून खालीच होती, आणि बोट तिच्या नावावर. "तरी सांग. काय विचारायचंय?" लॅबमध्ये कुणाच्यातरी खुर्चीचं चाक कुरकुरलं. जिक्राला काही कळत नव्हतं, पण हा माणूस रागावलेला नाही एवढं तिला कळलं, आणि एक्स्टर्नलनं विचारलं की उत्तर द्यायचं असतं. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग तिच्या बोलण्यातला परीक्षेचा सूर आपोआप गेला. "विचारायचं कायबी नसतंय सर," ती म्हणाली. "मी पण करते तसं. अब्बा दिवसभर कापूस भरत बसतेत, मान खाली. सुई घालतेत, काढतेत. मी म्हणते, अब्बा, एक विचारायचं होतं. ते म्हणतेत, काय? मी म्हणते, जा, विसरले." "मग?" "मग काय न्हाई सर. त्यांनी वर बघावं म्हणून म्हणायचं असतंय. बघितलं की झालं."

सरांनी वर पाहिलं. सकाळपासून, खरं तर त्याच्याही फार आधीपासून, पहिल्यांदाच त्यांनी असं कुणाकडे वर पाहिलं असेल. समोर एक परकी पोरगी होती. कपाळ, भुवया, पिनेनं बसवलेली ओढणी, तिच्यातून सुटलेला एक केस, सगळं पुरतं दिसत होतं. डोळे भरून आले होते आणि ते त्यांच्या डोळ्यांत थेट बघत होते, भीत भीत, पण बघत होते. इतकं सोपं होतं. मान वर करायची. एवढ्यासाठी एका पोरीनं पान लिहिलं, आणि पोरांमागून पोरांनी ते न वाचता जपून ठेवलं. त्यांच्या छातीत इतक्या वर्षांचं काहीतरी जागचं हललं आणि ते दुखलं, चांगलं सडकून दुखलं. आलोक कोपऱ्यातून म्हणाला, "सर, पाणी देऊ का?" सरांना त्याच्याकडे बघायची भीती वाटली. नजर काढली तर ही समोरची जाईल, आणि तिच्या जागी कोण येईल ते सांगता येत नव्हतं. बाहेर पुढचं नाव कुणीतरी पुकारलं. दारात तो पोरगा चपला काढून उभा राहिला. जिक्रानं त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा सरांकडे. आपलं झालंय की नाही हे तिला समजेना.

"सर, जाऊ का मी?" तिनं विचारलं.

त्यांना नीट ऐकू आलं होतं. हो म्हणायचं, तक्त्यावर आकडा टाकायचा, दुसऱ्याला बोलवायचं, इतकंच होतं. पोरगी उभी राहून दमली होती, रांग मोठी होती, पाचची बस होती. रेणुकादास सर तिच्याकडे बघतच राहिले, पापणीसुद्धा न हलवता.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"जाऊ का, सर?"

"काय?" ते म्हणाले.